घरचा संगणक विंडोज ११ वर नेताना

विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली आमच्या परभणीच्या घरातील संगणकावर २०१८ पासून चालू होती आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नव्हती. परंतु ज्या संगणकावरून मी बँकेचे व्यवहार करतो, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पाहतो आणि ज्यावर शाळांच्या स्मरणिकांचे जुळवलेले मजकूर साठवून ठेवले आहेत, तो सुरक्षेविना इंटरनेटला जोडलेला ठेवणे मला पटत नव्हते. म्हणून विंडोज ११ वर जायचे ठरवले. हे ठरवणे सोपे होते. कारण तोवर संगणकाने स्वतःच नकार दिलेला आहे, हे मला माहीत नव्हते.

संगणक पात्र आहे की नाही हे तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचे मोफत साधन आहे. ते चालवल्यावर हा संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करीत नाही असा निकाल आला. खाली दोन कारणे दिली होती : टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप किंवा तिची सोय) सापडत नाही आणि सिक्युअर बूटची (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणालीच चालू देणारी) सोय नाही. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपुढे मात्र हिरव्या खुणा होत्या. ज्या दुकानातून मी शाई आणि केबली घेतो तेथे विचारले, तर दुकानदार म्हणाला, “गुरुजी, कशाला डोक्याला ताप करून घेता? मशीनच बदलून टाका. नाही तर मी चेकिंग बायपास करून टाकून देतो.” बायपास करून विंडोज ११ टाकता येते हे खरे आहे. पण अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रांना पुढील अद्यतने मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अद्यतनांसाठीच तर हा सारा खटाटोप होता.

दिवाळीला बहीण माहेरी आली तेव्हा तिच्याबरोबर माझा भाचाही आला होता. तो वाळूजच्या एका कारखान्यात संगणकांची देखभाल पाहतो. हिरव्या खुणांची ती यादी पाहून तो म्हणाला, “मामा, तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, तो यादीत बसतो. आधी बायोसमध्ये काय बंद आहे ते बघा, मग पैशाचं बघू.” बायोस म्हणजे संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम. या एका वाक्याने कामाची दिशा बदलली. विंडोज ११ साठी इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात, आणि आमचा आय-५ ८४०० त्याच पिढीचा आहे. या प्रोसेसरबरोबर येणाऱ्या मदरबोर्डांत टीपीएमचे काम करणारी ‘इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी’, म्हणजे पीटीटी, अंगभूत असते. त्यासाठी वेगळी चिप विकत घ्यावी लागत नाही, मात्र ती बायोसमध्ये बहुधा बंद ठेवलेली असते. सिक्युअर बूटचेही तसेच होते. संगणक जोडून देणाऱ्याने २०१८ साली विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने बसवली होती, आणि त्या पद्धतीत सिक्युअर बूट चालतच नाही. ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीपुढे काय लिहिले आहे ते पाहिले, की हे अर्ध्या मिनिटात कळते. आमच्याकडे तेथे ‘लेगसी’ असे स्पष्ट लिहिलेले होते.

लेगसीवरून यूईएफआय या नव्या पद्धतीवर जायचे, तर डिस्कवरील भागांची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटी पद्धतीवर न्यावी लागते. बहुतेक ठिकाणी यासाठी डिस्क पूर्ण पुसून सगळे नव्याने बसवण्याचा सल्ला दिला जातो, आणि ज्याच्याकडे फक्त फोटो आणि गाणी आहेत त्याच्यासाठी तो चांगलाच आहे. माझी अडचण वेगळी होती. स्मरणिकांचे जुने मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत आणि ते उघडणारे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर यूएसबीच्या कुलपावर, म्हणजे डोंगलवर, चालते. त्याची मूळ सीडी कधीच गहाळ झालेली आहे. डिस्क पुसली असती तर ते सॉफ्टवेअर परत कोठून आणायचे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यामुळे फायली आणि सॉफ्टवेअर आहेत तेथेच ठेवून वर चढण्याचा मार्ग मी धरला.

पहिले काम अर्थातच बॅकअपचे. सर्व फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि शिवाय संगणकातील संपूर्ण एसएसडी डिस्कची ‘इमेज’, म्हणजे हुबेहूब नक्कलही घेऊन ठेवली, जेणेकरून काहीही बिघडले तरी संगणक होता त्या स्थितीत परत आणता येईल. ती इमेज परत चढवणारा पेनड्राइव्ह आधीच तयार करून, संगणक त्यावरून खरोखर सुरू होतो की नाही हे पाहून घेतले. नुसत्या फायलींची नक्कल असणे आणि संगणक पूर्ववत करता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि माझ्या प्रकरणात दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती.

जीपीटीवर नेण्यासाठी विंडोजमध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाची आज्ञा आहे आणि ती डिस्कवरील मजकुराला धक्का न लावता मांडणी बदलते. कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडून आधी ती ‘व्हॅलिडेट’ या पर्यायासह चालवायची असते. चालू विंडोजमधूनच हे करायचे असल्यास ‘अलाऊ-फुल-ओएस’ हा पर्यायही जोडावा लागतो. आमच्याकडे या तपासणीतच गाडी अडली. या आज्ञेची अट अशी आहे की डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी (मुख्य) भाग नसावेत आणि एक्स्टेंडेड (पोटभाग सामावणारा) भाग तर मुळीच नसावा. आपल्याकडे संगणक जोडून देणारे सवयीने सी, डी आणि ई असे तीन ड्राइव्ह पाडून देतात, आणि विंडोज स्वतःसाठी ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ नावाचा एक छोटा भाग काढून घेते. झाले चार. ज्यांची तपासणी येथे नापास होते त्यांपैकी अनेकांचे कारण हेच असावे असा माझा तर्क आहे, कारण परिचितांचे जे संगणक मी पाहिले त्यांत ही सी-डी-ई अशी वाटणी जवळजवळ सर्वत्र आढळली.

उपाय साधा, पण जपून करण्याचा होता. ई ड्राइव्हमधील सर्व मजकूर बाहेरच्या डिस्कवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला, काही फायली तेथून उघडून पाहिल्या, आणि मग ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन ई हा भाग काढून टाकला. मोकळी झालेली जागा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने शेजारच्या डी ड्राइव्हला जोडली. पुन्हा तपासणी केली तेव्हा ती उत्तीर्ण झाली.

प्रत्यक्ष रूपांतराच्या आधी आणखी दोन गोष्टी केल्या. डिस्कची मांडणी बदलत असताना वीज जाणे म्हणजे हाताने संकट ओढवून घेणे, आणि आमच्या भागात वीज कधी जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे संगणक इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेतला, बॅटरी पूर्ण भरलेली असल्याची खात्री केली आणि काम सकाळी हाती घेतले. दुसरी गोष्ट मदरबोर्डवरील सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलची. संगणकाचे झाकण उघडून आतील धूळ काढताना हा सेलही बदलला. सात-आठ वर्षांच्या यंत्रात तो बहुधा उतरलेला असतो. तो संपला की मुख्य वीज बंद होताच बायोस मूळ मांडणीवर परत जाते, घड्याळ चुकते आणि आपण चालू केलेली पीटीटी पुन्हा बंद होते. अवघ्या पन्नासेक रुपयांच्या सेलपायी विंडोज ११ बसवलेला संगणक अचानक गोंधळात पडलेला पाहायचा नसेल, तर हे काम आधीच उरकावे.

नंतर ‘कन्व्हर्ट’ या पर्यायासह आज्ञा चालवली. काम काही क्षणांतच झाले. पडद्यावर यशाच्या ओळीबरोबर दोन सूचनाही आल्या. यापुढे फर्मवेअर, म्हणजे बायोस, यूईएफआय पद्धतीने सुरू करावे ही पहिली, आणि ‘रीएजंट’ नावाची फाइल अद्ययावत करता आली नाही ही दुसरी. दुसऱ्या सूचनेने मन थोडे धास्तावले, पण ती केवळ विंडोजच्या दुरुस्ती विभागापुरती असते. ‘रीएजंट-सी’ ही आज्ञा आधी ‘डिसेबल’ आणि मग ‘इनेबल’ अशी चालवल्यावर तो विभाग पुन्हा जोडला गेला. पहिली सूचना मात्र तातडीची आहे, कारण रूपांतरानंतर जुन्या लेगसी पद्धतीने विंडोज सुरूच होत नाही. म्हणून संगणक पुन्हा सुरू करताना ‘डिलीट’ कळ दाबत राहून सरळ बायोसमध्ये गेलो. तेथे ‘सीएसएम’, म्हणजे जुन्या लेगसी पद्धतीची सोय, बंद केले, सिक्युअर बूट चालू करून त्याच्या कारखान्यातील मूळ डिजिटल किल्ल्या बसवल्या आणि ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात पीटीटी सुरू केली. मदरबोर्डागणिक या पर्यायांच्या जागा बदलतात. त्यामुळे प्रत्येक पानाचा मोबाइलवर आधी फोटो घेऊन मगच बदल करणे सोयीचे पडले. बाहेर पडल्यावर विंडोज १० नेहमीसारखी उघडली. ‘बायोस मोड’पुढे आता ‘यूईएफआय’ असे होते, आणि हेल्थ चेकच्या यादीत सर्व खुणा हिरव्या झाल्या होत्या. यंत्रात सेलखेरीज एकही नवा भाग बसवावा लागला नव्हता.

येथून पुढची वाट सरळ होती. विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे सगळी प्रणाली बसवण्याची एकत्र फाइल, पाच जीबीहून मोठी असते आणि मोबाइलच्या रोजच्या डेटात ती बसत नाही. भाच्याने ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवून पेनड्राइव्हमध्ये पाठवून दिली. फाइल घेताना भाषेच्या यादीत ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ असे दोन इंग्रजी पर्याय दिसतात, आणि आपल्या सध्याच्या विंडोजचा जो असेल तोच घ्यावा लागतो. अन्यथा सॉफ्टवेअर जसेच्या तसे ठेवण्याची मुभा मिळत नाही. भाच्याने निघण्यापूर्वीच आमच्या संगणकावर हे पाहून ठेवले होते. सेटअप चालू केल्यावर ‘फायली आणि ॲप कायम ठेवा’ या पर्यायावर खूण असल्याचे दोनदा पाहिले आणि पुढे जाऊ दिले. संगणक मध्ये अनेकदा आपोआप बंद-चालू होत राहिला. त्या वेळी त्याला हात न लावणे एवढेच आपले काम असते.

विंडोज ११ उघडल्यानंतर सर्वप्रथम मराठी पाहिले. इनस्क्रिप्ट कळफलक जागेवर होता, विंडोज आणि स्पेस या कळा दाबून भाषा बदलत होती आणि जुने फॉन्टही होते तसेच राहिले होते. डोंगलवर चालणारे टंकलेखनाचे सॉफ्टवेअरही उघडले. परंतु ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे, प्रणालीच्या गाभ्यात घातक कोड घुसू न देणारे संरक्षण मला चालू करता येईना. त्याच्याशी विसंगत ड्रायव्हरांची (उपकरणे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची) यादी उघडली तर तिच्यात त्याच डोंगलचा जुना ड्रायव्हर होता. अशा वेळी संरक्षण बंदच राहू द्यावे असे सांगणारे भेटतात. मला ते मान्य नव्हते, कारण मग इतके करून मिळवले काय? सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे अनेक फोन करूनही उपयोग झाला नाही. त्यांच्या लेखी ती आवृत्ती केव्हाच बाद झालेली होती. शेवटी सॉफ्टवेअरचा विचार सोडून कुलूप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधला. जुना काढून तो बसवला, संगणक पुन्हा सुरू केला आणि मेमरी इंटिग्रिटी चालू झाली. डोंगलचा दिवाही लागला आणि २०११ सालच्या एका स्मरणिकेचे पान जोडाक्षरांसह नीट उघडले.

प्रिंटर एकदा काढून पुन्हा जोडावा लागला. टास्कबारवरील चिन्हे मधोमध आली होती, ती सेटिंग्जमधून डावीकडे घेतली. उजव्या क्लिकच्या नव्या मेनूत नेहमीचे पर्याय दडवून ठेवण्यामागचे प्रयोजन मला अजूनही उमगलेले नाही.

नवी प्रणाली पसंत न पडल्यास मागे फिरण्याची सोय दहा दिवस असते, आणि त्यासाठी जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या नावाने सी ड्राइव्हमध्ये राहते. तेवढ्या मुदतीत सर्व सॉफ्टवेअर वापरून होत नाही असे वाटल्यास विंडोजमधील ‘डिस्म’ या आज्ञेने ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र हे पहिल्या दहा दिवसांतच करावे लागते. स्मरणिकांचे काम वर्षातून ठरावीक वेळीच निघते, म्हणून मी ती वाढवून घेतली.

आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांचा संगणकही याच रीतीने वर नेता येईल या आशेने पाहिला, पण त्यातील प्रोसेसर सहाव्या पिढीचा निघाला. तेथे बायोसमधील कोणतीही कळ फिरवून उपयोग नव्हता. त्यांच्या विंडोज १० ची आवृत्ती २२ एच २ होती. ती असल्यास घरगुती वापरासाठी सुरक्षा अद्यतनांची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत घेता येते. सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’च्या पानावर तिच्या नोंदणीचा दुवा दिसत होता. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याचा विनामूल्य पर्याय निवडून त्यांची नोंदणी केली, आणि नवा संगणक घेण्याचे त्यांनी तूर्त पुढे ढकलले.