वारा उठायच्या आत टेक: डोंगरात गाणं बांधणं आणि रेकॉर्ड करणं

डोंगरात जाऊन गाणं करायचं ठरलं की पहिली चर्चा माइकची होते. ती शेवटी करा. आधी वेळ ठरवा, मग जागा, मग ओळ केवढी ठेवायची ते. माइक कितीही भारी घेतला तरी दुपारी बारा वाजता कड्याच्या काठावर बसून घेतलेला टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, वाऱ्याचाच होतो. गाणं त्यात मागे कुठेतरी ऐकू येतं. इथे सह्याद्रीपुरतंच लिहितो आहे. हिमालयातलं गणित वेगळं.

वेळेचं आधी. रात्रभर डोंगर गार होत जातो आणि पहाटे वारा सहसा पडलेला असतो. ऊन चढलं की उतार तापतात, हवा दरीतून वर सरकायला लागते. दुपारनंतर कोकणाकडून आलेली समुद्राची हवा घाटमाथ्याच्या भिंतीला आदळून वर चढते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते ती अशा चढत्या वाऱ्यामुळेच. म्हणजे फोटोसाठी जी जागा सर्वांत चांगली, ती आवाजासाठी सर्वांत वाईट. सूर्योदयाआधी अर्धा तास ते नंतर दीड तास, एवढीच हक्काची वेळ धरा. त्यात पाखरांचा कल्ला असतो, पण तो चालतो. वाऱ्याची घरघर चालत नाही.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये रानात सिकाडा किड्यांची किर्रर्र सुरू झाली की थांबायचं नाव नसतं. ती साधारण चार हजार हर्ट्झच्या वर बसते, आणि आपल्या ‘स’, ‘श’, ‘च’चा स्पष्टपणाही तिथेच असतो. इक्वलायझरने, म्हणजे आवाजाचे उंच-खोल पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, किर्रर्र कापायला गेलात की शब्द बोबडे होतात. पावसाळ्यात धबधबे, रेनकोटवर टपटपणारं पाणी आणि दमट हवा. कंडेन्सर माइकच्या (विजेवर चालणारा नाजूक माइक) पडद्यावर ओलावा बसला की मधूनच तडतड येते आणि ती कापून काढता येत नाही. शिवाय पावसाळ्यात शीळ घालणारा कस्तूर गातो. त्याची शीळ थेट माणसासारखी, पण आपल्या पट्टीशी त्याला काही देणंघेणं नसतं. मुखड्यावर तो येऊन बसला तर ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी बेसूर साथ करतंय.

आता रचनेकडे. चालता चालता सुचलेली चाल आणि बसून वाजवलेली चाल यांची लय वेगळी पडते, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ गाणी घरी आल्यावर मरगळतात. सपाटीवर आपण मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलं टाकतो, खड्या चढावर साठ-सत्तर. चढावर श्वासही पावलांना बांधला जातो: दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर. मिनिटाला ६५ पावलं धरली तर बाहेर सोडायच्या श्वासाला दोन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात पाच-सहा अक्षरं सुखाने मावतात. अभंगाचा सहा-सहा-सहा-चार हा साचा इथे फार उपयोगी पडतो, कारण चौथ्या चरणात दोन अक्षरांची जागा मोकळी राहते आणि तिथे श्वास घेता येतो. वारकरी मैलोन्मैल चालत गातात ते उगीच नाही. चढावर बांधायचं असेल तर मोठमोठ्या सोळा-अठरा अक्षरी ओळींच्या वाटेला जाऊ नका. त्या माथ्यावर, बसून.

चाल सुचली की थांबा आणि फोनवर लगेच गुणगुणून ठेवा. शब्द नसतील तर ‘ना ना’ चालेल. त्याच वेळी टॅप करून लय मोजणाऱ्या ॲपवर आकडा काढा आणि बोलून ठेवा: ‘लय बहात्तर, चढावर’. नाहीतर उतरताना तेच गाणं नव्वदवर जातं आणि मूळ लय कोणती होती ते कुणालाच आठवत नाही. शब्द लिहायला पेन्सिल घ्या. जेल पेनची शाई घामाने आणि दवाने पसरते.

शब्द निवडताना ओळीच्या सुरुवातीला ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ आहे का ते तपासा. या अक्षरांना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि माइकवर ‘भप्प’ असा धक्का बसतो. स्टुडिओत पुढे पॉप फिल्टर असतो. इथे माइकवरचं फरचं टोपडं थोडं थोपवतं, बाकी माइक तोंडाच्या समोर न धरता तीस-चाळीस अंश बाजूला ठेवून निभवावं लागतं. तरीही ‘भर’ने सुरू होणाऱ्या मुखड्याऐवजी ‘आला’, ‘रानी’, ‘दूर’ असं काही चालत असेल तर तेच घ्या.

वाद्यांची निवड गळ्यात काय अडकवता येतं त्यावरून करू नये, सुरात काय राहतं त्यावरून करावी. बासरीचा सूर हवेच्या तापमानाबरोबर हलतो: एका अंशाला सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). घरी २७ अंशांत जुळवलेली बासरी पहाटे १२ अंशांत पंचेचाळीस सेंटपर्यंत उतरू शकते, म्हणजे जवळजवळ पाव सूर. फुंकून ती थोडी गरम होते, तरी पूर्ण वर येत नाही. म्हणून बासरी असेल तर बाकी सगळ्यांनी बासरीला मिळवून घ्यायचं. तानपुऱ्याचं ॲपही पट्टी बारीक सरकवता येणारं हवं. युकेलेले हलकं, पण नायलॉनच्या तारा उन्हातून सावलीत आणलं की सरकतात. दर टेकआधी सूर तपासा. दिमडी-डफाचं चामडं दवाने सैल पडतं. ते शेकून ताणायची जुनी रीत आहे, पण रानात त्यासाठी जाळ करू नका. अंगातल्या जाकिटाखाली धरून ठेवा, नाहीतर ऊन येईपर्यंत थांबा. तुणतुणं या सगळ्यात शहाणं: एक तार, एक खुंटी, उतरलं तर दोन सेकंदांत वर. गिटार न्यायची तर न्या असं म्हणणार नाही. अरुंद वाटेवर ती पाठीवर घेऊन कातळटप्पा चढणं हा प्रकार मला पटत नाही.

गायकाची अडचण वेगळी. खोलीत भिंती आपला आवाज परत देतात, त्या आधारावर गळा सूर धरतो. मोकळ्या माळावर परत काहीच येत नाही, म्हणून माणूस नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की सूर चढतो. उपाय म्हणजे पाठीला नाही, तोंडासमोर काहीतरी दगडी हवं. दीड-दोन मीटरवर कातळभिंत, टाक्याचा काठ, बुरुजाची आतली बाजू. नाहीच मिळालं तर एका कानात तानपुरा आणि दुसरा कान उघडा. शिवाय माथ्यावर पोचल्या पोचल्या गाऊ नका. वीस-तीस मिनिटं बसा, पाणी प्या, आणि पहाटेचा टेक असेल तर घरच्यापेक्षा अर्धा-एक सूर खालची पट्टी घ्या.

लेणं किंवा कपार मिळाली तर लोक खूश होतात. थोडं जपून. समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असेल तर ५७ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर, म्हणजे ११४, १७१, तिथे घुमतात. पुरुषी आवाजाचे खालचे सूर नेमके या पट्ट्यात येतात, त्यामुळे एखादाच सूर ढोलासारखा फुगतो आणि बाकीचे बसतात. आधी ‘आ’कारात खालून वर सरकत जा, जो सूर फुगेल तो षड्ज असेल तर पट्टी बदला. भिंतीच्या बरोबर मध्ये न बसता एका बाजूच्या तिसऱ्या हिश्श्यात, लेण्याच्या तोंडाकडे सरकून बसलं की घुमणं कमी होतं. कारवीच्या जाळीचा आडोसा वाऱ्याला चांगला, पण हिवाळ्यात तिची वाळकी पानं कागदासारखी वाजतात.

प्रतिध्वनी वापरायचा असेल तर तो लयीत बसवता येतो, आणि ही गोष्ट स्टुडिओत मिळत नाही. कड्याकडे तोंड करून एक टाळी वाजवा आणि रेकॉर्ड करा. नंतर स्क्रीनवर टाळी आणि तिची परत आलेली टाळी यांतलं अंतर बघा. कडा १७० मीटरवर असेल तर सुमारे एक सेकंद. ०.८ सेकंद निघालं तर ६० भागिले ०.८, म्हणजे लय ७५. या लयीत प्रतिध्वनी बरोबर पुढच्या मात्रेवर येऊन पडतो. ओळीनंतर दोन मात्रा रिकाम्या सोडा, नाहीतर तुमचाच पुढचा शब्द त्याला झाकून टाकतो. ओळीचं शेवटचं अक्षर ‘आ’ किंवा ‘ओ’ने संपणारं ठेवा, ‘स’, ‘श’ इतक्या लांबून परत येईपर्यंत विरून जातात. एक सूचना: डोंगरात पुन्हा पुन्हा मारलेली हाक म्हणजे मदतीची हाक असं समजून माणसं धावून येतात. मिनिटाला सहा शिट्ट्या हा तर संकटाचा ठरलेला संकेतच आहे. गाण्यात शिट्टी नको, आणि हाकेचा टेक घ्यायच्या आधी आसपासच्या ग्रुपना आणि पायथ्याच्या वाडीत सांगून ठेवा. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथे थांबूच नका. अभयारण्यात, उदाहरणार्थ कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर, स्पीकर लावून गाणं वाजवणं हा विषयच नाही, हेडफोन.

आता यंत्र. छोटा हातातला रेकॉर्डर पुरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही ठेवलं तर मिनिटाला सुमारे १७ एमबी, तासाला एक जीबीच्या थोडं वर. ३२ जीबीचं कार्ड दोन दिवसांना भरपूर. सर्वांत जोरात गायलेल्या ओळीला पातळी दाखवणारी सुई उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते. ३२ बिट फ्लोटचा, म्हणजे आवाज कितीही मोठा आला तरी न फाटू देणारा, रेकॉर्डर असेल तर गेनची चिंता संपते, पण फुगलेला वारा त्यातूनही निघत नाही. लो-कट, म्हणजे खालची घरघर कापणारं बटण, ८० हर्ट्झला चालू. माइकवर नुसता स्पंज पुरत नाही, लांब केसांचं फरचं टोपडं हवंच. ते ओलं झालं की केस चिकटतात आणि काम करत नाही, म्हणून दुसरं कोरडं जवळ ठेवा.

माइक तोंडापासून तीस-चाळीस सेंटीमीटर. अंतर निम्मं केलं की मोकळ्या हवेत आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि रान तेवढंच राहतं; रान जास्त ऐकू येतंय वाटलं तर गेनला हात न लावता माइक जवळ घ्या. दोघं गाणारे असतील तर एकच माइक, आणि मोठ्या आवाजाचा माणूस दोन पावलं मागे. रेकॉर्डर हातात धरू नका, बोटांची हालचाल ऐकू येते. छोट्या तिपाईवर लावा आणि तिपाईखाली सॅक किंवा घडी केलेली चादर. खाली दगड असेल तर पायाने धरलेला ताल थेट चढतो.

फोनवरच करायचं असेल तर विमान मोड लावा, आणि रेकॉर्डिंग ॲपमध्ये आवाजाची आपोआप पातळी आणि नॉइज सप्रेशन (मागचा आवाज दाबणं) बंद करता येतं का पाहा. फोनला रानातला आवाज म्हणजे कचरा वाटतो आणि तो ओळींच्या मधल्या जागेत खटाखट शांतता भरतो. ऐकताना गाणं श्वास कोंडल्यासारखं होतं.

टेकचा क्रम असा ठेवा. आधी सगळे गप्प बसून दोन मिनिटं नुसतं रान रेकॉर्ड करा. नंतर दोन टेक जोडायची वेळ येते तेव्हा ही दोन मिनिटं सांध्याखाली अंथरता येतात. ती नसतील तर कोकिळेची हाक अर्ध्यात तुटलेली कळते. मग प्रत्येक टेकच्या सुरुवातीला बोला: ‘टेक दोन, टाक्याजवळ, वारा कमी’. संपल्यावर पाच सेकंद हलू नका. मुंबई-पुण्याजवळच्या डोंगरांवर विमानाची घरघर दीड-दोन मिनिटं रेंगाळते. ऐकू येताच थांबा. ‘नंतर काढून टाकू’ असं म्हणू नका, निघत नाही. खंडाळ्याच्या आजूबाजूला रेल्वेच्या भोंग्याचंही तेच. आणि तिथल्या तिथे हेडफोनवर पूर्ण टेक ऐका. पाच टेक न ऐकता घेण्यापेक्षा दोन ऐकून घेतलेले बरे.

थंडीत अल्कलाईन सेल लवकर बसतात. सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. रेकॉर्डर मात्र तंबूबाहेरच्या गार हवेतून एकदम आतल्या दमट उबेत उघडा आणू नका. पिशवीत बंद करून, सिलिका जेलची पुडी टाकून आणा आणि अर्ध्या तासाने उघडा.

घरी आल्यावर सफाई कमीत कमी. हाय-पास, म्हणजे लो-कटच, पुरुषाच्या आवाजाला ८०-१०० हर्ट्झ, स्त्रीच्या आवाजाला १५०पर्यंत. नॉइज रिडक्शन पाच-सहा डेसिबलच्या पुढे नेलं की पाण्याखालून गायल्यासारखी बुडबुड येते. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, द्यायचा मोह आवरा: तो आवाजाबरोबर बुलबुलालाही सभागृहात नेऊन बसवतो. मास्टर करताना, म्हणजे शेवटची पातळी बसवताना, लिमिटर (मोठा आवाज दाबणारं साधन) दोन-तीन डेसिबलपेक्षा जास्त दाबू नका, कारण तो गाणं दाबतो तेव्हा मधल्या जागेतले रातकिडे वर येतात, आणि उणे १४ एलयूएफएस (गाणं एकूण किती मोठं ऐकू येतं त्याचं माप) गाठायच्या नादात शेवटच्या अंतऱ्यात तेच मुख्य गायक होऊन बसतात.