व्ही-क्रॉसची उंची, नोंद चौथी: आधी वजनकाटा, मग टायर, मग पाटे

टायर बसले, पाटे (मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बसले आणि त्यावर दोन महिने, २,१०० किलोमीटर झाले. आता लिहायला हरकत नाही. बसवल्याच्या संध्याकाळी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

नव्यांसाठी थोडक्यात: गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, २.५ लिटर, पाच गिअर, मूळ टायर २४५/७० आर १६ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). काम एकच, साताऱ्याहून बामणोलीच्या बाजूच्या रानात आठवड्याला एक फेरी. शेवटचे दोन किलोमीटर बैलगाडीची वाट. आता बैलगाड्या राहिल्या नाहीत, ट्रॅक्टर जातात आणि त्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल केल्यात की मधला उंचवटा मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीला) घासतो. वैशाखात ती माती विटेसारखी कडक होते. आवाज ऐकला की दात आंबतात.

ज्याला विचारावं तो म्हणे, "लिफ्ट कर," म्हणजे स्प्रिंग-पाटे बदलून गाडी वर उचल. मीही किट निवडायला बसलो होतो. मग एका रविवारी पोतं अंथरून गाडीखाली शिरलो आणि मुकाट्याने बाहेर आलो. पुढची चाकं स्वतंत्र आहेत, पण मागचा ॲक्सल अखंड: दोन्ही चाकं, नळी आणि गोळा मिळून एकच जिन्नस. पाटे बदलून चेसी कितीही वर चढवा, गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहणार. त्याला उचलतो फक्त टायर, तोही व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्म्याने. लिफ्ट लागते ती तो टायर आत मावावा म्हणून, आणि पोट व बंपर वर जावेत म्हणून. माझं दुखणं गोळ्याचं होतं, म्हणजे पहिला खर्च टायरचा.

गणित वहीतच केलं. २४५/७० चा व्यास ७४९ मिमी. २६५/७० घेतला तर ७७७, गोळा १४ मिमी वर. २६५/७५ घेतला तर ८०४, गोळा २७ मिमी वर. २८५/७५ म्हणजे ८३४. तो टायर दिसतो झकास, पण त्यासाठी बॉडी कापावी लागते आणि घाटात दुसऱ्या गिअरचा जीव जातो. चौदा मिमीसाठी चार टायरांचे पैसे घालवायला मन होईना. एका मित्राच्या गाडीचा २६५/७५ डिस्कसकट (रिमसकट) एक दिवस मागून आणला, पुढे डावीकडे चढवला, कडांना खडू फासला आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर मागच्या बाजूला बोटभर लांबीची पांढरी रेघ उमटली, आणि मडफ्लॅपवर एक ठिपका. तीही गाडी सपाटीवर उभी असताना. खड्ड्यात चाक वर दाबलं गेलं की ती रेघ वीतभर होणार. म्हणून २६५/७५ सोबत लिफ्ट, पण फक्त ४० मिमी.

आता वजनाचं. ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन अशा ऑस्ट्रेलियन किटांमध्ये मागचे पाटे उंचीपेक्षा वजनावर निवडायचे असतात: हौद्यात कायम किती ओझं असणार? मी मनाशी ३०० किलोचे पाटे ठरवून टाकले होते. कॅनॉपी (हौद्यावरचं झाकण) येणार, टपावर तंबू येणार, फ्रिज येणार. यातलं काहीही अजून आलेलं नाही. शेवटी कारखान्याच्या काट्यावर गेलो. गळीत हंगाम संपलेला, काटा मोकळाच होता.

"काय भरलंय?" काटेवाल्या काकांनी विचारलं.

"काही नाही, रिकामीच आहे."

"मग वजन कशाचं करायचं?"

दोन चहा पाजले तेव्हा काम झालं. टाकी फुल आणि मी आत: एकूण १,९६० किलो. फक्त पुढची चाकं काट्यावर: १,१२०. म्हणजे मागे ८४०. पुढच्या आठवड्यात रानातून येताना नेहमीच्या सामानासकट परत काट्यावर चढवली तर २,०७०. कॅनॉपी आणि तंबूच्या हिशेबात ३००, प्रत्यक्षात ११०. तीनशेवाले पाटे घेतले असते तर रिकामी गाडी खडीच्या टिपरसारखी उडाली असती. हलके पाटे मागवले. पुढच्या स्प्रिंगही बुलबार (पुढचा जड लोखंडी गार्ड) नसलेल्या गाडीच्याच घेतल्या.

"साहेब, पुढं स्पेसर टाकू का? तासात काम होतंय," मिस्त्रीमामा म्हणाले. शॉकअपच्या डोक्यावर २५ मिमीची चकती बसवायची. खालचा आर्म तरफेसारखा चालतो, म्हणून चाकाशी उंची जवळजवळ दुप्पट मिळते. स्वस्त आहे, पण स्प्रिंग जुनीच राहते आणि चाक लोंबकळलं की ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन आणखी वाढतो. त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटतो तो त्यामुळे. मागे ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घालण्याचा मार्गही तसाच: जोर लावला की पाटा पिळवटतो. लांब शॅकलला (पाट्याचं टोक चेसीला टांगणाऱ्या कडीला) निम्माच लाभ, ५० मिमी लांबवलं तर उंची २५. या तिन्हींना मी नकार दिला. पैसे वाचले असते, हे मान्य.

बसवण्याच्या दिवसाचं एकच सांगतो, कारण हे अर्ध्या गॅरेजांत चुकतं. पाट्यांच्या आणि आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिरगळून राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मामांचा पाना फिरायला लागला तेव्हा मी थांबवलं. ते चिडले. मग गाडी जमिनीवर उतरवून, बंपर चार वेळा दाबून, खाली आडवं पडून आवळणं झालं. यू-बोल्ट नवेच घातले, आणि ५०० किलोमीटरला परत तपासले तेव्हा त्यातले दोन बोल्ट पाव-पाव फेरा फिरले.

मोजमाप जमिनीपासून घेऊ नका, नाहीतर टायरची उंची त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. पुढे ४६५ चे ५०६ झाले, मागे ५२० चे ५५८.

आणि मग गडबड. पहिल्याच दिवशी सिग्नलवरून निघताना १५ ते ४० च्या वेगात पायाखालची फरशी थरथरू लागली. आधी टायरवर संशय घेतला, बॅलन्सिंग दोनदा केलं. दुखणं भलतीकडेच होतं. या गाडीचा मागे जाणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंग. चेसी वर गेली, ॲक्सल खालीच राहिला, मधल्या सांध्याचा कोन बिघडला. बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली १० मिमीचं पॅकिंग घालून शाफ्ट तेवढा खाली घेतला आणि थरथर गेली. तीन आठवडे हकनाक गेले.

अलाइनमेंटलाही फेऱ्या झाल्या. उचलल्यावर कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) कमी होतो, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही. पहिल्या दुकानात फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) लावून "बाकी ओके" म्हणून पाठवलं. दुसरीकडे आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागितला, तेव्हा कुठे कॅस्टरला हात लागला. हेडलाइट खाली करायला विसरू नका. कासच्या रस्त्यावर समोरच्या एसटीने डिपर मारून मला शिकवलं.

आकडे. आधी स्पीडोमीटरचा काटा ८० दाखवायचा तेव्हा जीपीएसवर ७६ असायचे. आता ८० ला साडेएक्क्याऐंशी, म्हणजे काटा जवळजवळ खरं बोलायला लागला. ओडोमीटर मात्र आता कमी मोजतो. ॲव्हरेज १०.९ दिसतं, त्याला १.०७३ ने गुणलं की ११.७. आधीचं १२.४ होतं. जे दीडने पडलं म्हणून रडतात त्यांनी आधी हा गुणाकार करावा. उरलेली घट खरी आहे: डिस्कसकट एक चाक २६ किलोचं ३४ झालंय, ब्रेक दाबताना ते कळतं. हवा खडूच्या रेघेने ठरवली. टायरवर आडवी रेघ मारायची, थोडं सरळ चालवायचं, मध्य आणि कडा सारख्या पुसल्या गेल्या की झालं. रिकाम्या गाडीला पुढे ३६, मागे ३३ पीएसआय.

कायद्याचंही लिहितो, कारण या विषयावर सगळे मुके होतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करायचा नाही. आपण काठावर उभे आहोत हे जाणूनच मी इथे थांबतोय. विमा कंपनीला लेखी कळवलंय, जुने टायर-पाटे गोठ्यात जपून ठेवलेत.

बसवण्याआधी गोळ्याच्या तळाला पांढरा ऑइलपेंट फासला होता. परवा खाली शिरून बघितलं: ओढ्याच्या चढावर लागतो तेवढा बोटभर पट्टा खरवडलाय, बाकी रंग शाबूत. पूर्वी त्या जागी लोखंड चकाकायचं.

राहिलेली कामं दोन. रिव्हर्समध्ये पूर्ण वळवलं की उजवा मडफ्लॅप अजून लागतो, तो कापणार. आणि आई. उंच झालेली गाडी बघून तिने दाराला हात लावला, खाली पाहिलं आणि म्हणाली, "आता मी चढायचं कसं रे?" सध्या हौद्यात भाजीचा एक क्रेट कायम असतो, तो पालथा घातला की ती चढते. पुढची नोंद साइडस्टेपची.