आमची वाटचाल : प्रेसनोट, कात्रणं आणि आमचे इंटर्न

वृत्तपत्राच्या डेस्कवरची नोकरी सोडून मी जनसंपर्काचं काम सुरू केलं, तेव्हा औरंगाबादेत हा वेगळा व्यवसाय आहे हेच बऱ्याच जणांना पटत नव्हतं. "म्हणजे जाहिरात एजन्सी का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग बातमी लावायचे किती घेता?" जागा विकत हवी तर जाहिरात द्या, बातमी मात्र बातमी असेल तरच लागते, हे वाळूज-चिकलठाण्याच्या उद्योजकांना समजावण्यात सुरुवातीची वर्षं गेली. पुढे जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं वर्षभराचं काम दिलं. मग लातूरचे क्लासवाले आले, इथली काही रुग्णालयं आली. टीम आजही लहानच आहे, आणि तिच्यातले बरेच जण आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेले. म्हणून वाटचाल सांगायची तर त्यांच्याबद्दलच जास्त सांगावं लागेल.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात 4 क्रेडिटचं 'ऑन जॉब ट्रेनिंग' आल्यापासून अर्ज भरपूर येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून येतात, नांदेडहून येतात. बहुतेकांचा बायोडेटा एकाच साच्यातला : कार्यशाळांची प्रमाणपत्रं, 'उत्तम संवादकौशल्य' आणि 'टीमवर्कची आवड'. असे अर्ज मी पूर्ण वाचत नाही, खोटं कशाला बोलू.

अंबड तालुक्यातल्या एका मुलीचा मेल मात्र लगेच उघडला. तिनं बायोडेटासोबत गावातल्या महिला बचत गटाच्या डाळ मिलची प्रेसनोट लिहून पाठवली होती. दीडशे शब्द. पहिल्याच वाक्यात काय, कुठे, कधी. फोटोखाली 'डावीकडून' म्हणून सगळ्यांची पूर्ण नावं. गटाच्या अध्यक्षांचं म्हणणं दोन ओळींत, तेही त्यांच्याच बोलीत. एकही 'सन्माननीय' नाही, एकही 'दिमाखदार सोहळा' नाही. तिला मुलाखतीला बोलावताना गुणपत्रिका मागितलीसुद्धा नाही. शिवाय ती शेतकऱ्याच्या घरची, म्हणजे वाण, पेरणी, बोंडअळी हे शब्द तिला कुणी शिकवायला नको होते. खरिपाच्या तोंडावर बियाणे कंपनीच्या कामात हे किती उपयोगी पडतं, ते शहरात वाढलेल्या आमच्या पोरांना विचारा.

मुलाखतीत आम्ही ग्राहकाचं इंग्रजी माहितीपत्रक हातात देतो आणि अर्ध्या तासात मराठी प्रेसनोट मागतो. लिहिताना मोबाइल वापरला तरी चालतो. नाव, हुद्दा, तारीख चुकली तर मात्र चालत नाही. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. कंपनीच्या जुन्या कागदावर जुनंच नाव असतं. ते तसंच उतरवतो, की थांबून विचारतो, एवढ्यावरून माणूस कळतो.

मग एक तोंडी प्रश्न. वाळूजच्या कारखान्यात रात्री आग लागली, मालक म्हणतात कुणाचाही फोन उचलू नका. तुम्ही काय कराल? जनसंपर्क व्यवसायाच्या प्रवर्तकांपैकी एक, आयव्ही ली यांचं नाव सगळ्यांना पाठ असतं. 1906 साली अमेरिकेत रेल्वेचा अपघात झाला तेव्हा त्यांनी लपवालपवी न करता पत्रकारांना स्वतः माहिती दिली, हेही सांगतात. पण आगीच्या प्रश्नावर त्यातलेच निम्मे जण "फोन उचलणार नाही" म्हणतात! जखमी किती, त्यांना कुठे हलवलं, कारण अजून कळलेलं नाही, एवढं तरी मालकाला सांगायला लावीन, असं म्हणणारा उमेदवार आम्ही सोडत नाही.

पत्रकारांशी कसं वागायचं, ते इथे आल्यावर शिकवतो. तरी आधीच माहीत असलेलं बरं. संध्याकाळी पानं लागायच्या वेळी फोन करायचा नाही. मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या अंगातच टाकायचा, फोटो वेगळा जोडायचा. "बातमी लावा ना सर" हे वाक्य आमच्या ऑफिसात बंद आहे. पाकिटाचा, म्हणजे बातमीसाठी पत्रकाराला पैसे देण्याचा विषय काढणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतो, मग तो इंटर्न असो की ग्राहकाचा माणूस.

पहिले काही आठवडे काम कंटाळवाणंच असतं. सकाळी सगळे पेपर चाळायचे, जिल्हा पुरवण्यांसकट. कात्रणं स्कॅन करायची, कोणत्या आवृत्तीत कोणत्या पानावर आली ते नोंदवायचं. ज्यांना पेपर वाचायचाच कंटाळा आहे, ते इथे टिकत नाहीत. त्यांनी इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्या एजन्सीत जावं. तिथेही चांगलं काम आहे, ते मी कमी समजत नाही.

अर्ज करायचा तर उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहू नका, तेव्हा सगळेच करतात. दसरा-दिवाळीच्या आधी शोरूमची उद्घाटनं, नवी उत्पादनं यांची गर्दी असते आणि आम्हाला माणसं कमी पडतात. मेलमध्ये चार ओळींचं पत्र, स्वतः लिहिलेल्या दोन प्रेसनोट आणि तुमच्या तालुक्यात कोणते पेपर खरोखर वाचले जातात याची यादी एवढं पुरे. स्टायपेंड देतो, मोठा नाही. जालना-पैठणहून रोज ये-जा करणाऱ्यांना बसभाडं वेगळं.