डिक्कीत वाकडा झालेला अलायनर

मे महिन्यात भर दुपारी माझ्या धरमपेठेतल्या दातांच्या क्लिनिकला कोणी फिरकत नाही. पारा 45च्या वर गेला की नागपूरकर ऊन उतरल्यावरच बाहेर पडतो. त्यामुळे आई, वडील, बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची मोठी बहीण असे चौघं घामाघूम होऊन आत आले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

आईने पर्समधून डबी काढली. आदल्या दिवशी सीताबर्डीत कुल्फी खाताना मुलाने अलायनर, म्हणजे दात सरळ करायला घालायचे प्लास्टिकचे पारदर्शक ट्रे, काढून डबीत ठेवले होते आणि तिने ती डबी स्कूटरच्या डिक्कीत टाकली होती. खरेदी आटोपेपर्यंत वरचा ट्रे मागच्या दाढांपाशी पार फाकला होता. शेवटी प्लास्टिकच ते. उकळत्या चहानेही बिघडतं, मग तापलेली डिक्की काय सोडते?

"पैसे गेले ना बाप्पा! मी पहिलेच म्हणत होतो, तारा लावून द्या. हे पोरगं दर आठवड्याला पाण्याची बाटली हरवते," वडील म्हणाले.

त्यांची शंका खोटी नव्हती. तारा दातांना चिकटवलेल्या असतात, मुलाला त्या काढता येत नाहीत, म्हणून त्यांचं काम दिवसरात्र चालू राहतं. अलायनर मात्र दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात राहिला तरच उपयोगाचा. एक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो. चार दिवस ढिलाई झाली की दात मागे फिरतात आणि पुढचा ट्रे बसत नाही. म्हणून अलायनर द्यायचा की नाही हे ठरवताना मी दातांइतकीच मुलाची पारख करते. आईवडिलांची हौस तिथे कामाची नाही.

"आ कर," म्हटलं, तर तोंडात ट्रे होता! आधीचा संच. ट्रे धरून ठेवायला दातांवर चिकटवलेल्या बारीक बटणांवर नीट बसलेला, कडेला कुठे फट नाही. घरी कोणालाच पत्ता नव्हता. "तुम्हीच म्हटलं होतं ना मॅडम, जुना फेकायचा नाही म्हणून. रात्री घालून टाकला," तो म्हणाला. वडील त्याच्याकडे बघतच राहिले.

मला फार आनंद झाला. त्याने दात जागचे हलू दिले नव्हते. बिघडलेल्या ट्रेचे दिवस जवळजवळ पूर्ण झालेच होते, म्हणून पुढचा संच घालून पाहिला. किंचित घट्ट, पण बसला. ट्रे नीट बसावा म्हणून चघळायची मऊ नळी दिली आणि हा संच थोडे दिवस जास्त घालायला सांगितलं. पैसे कुठेच गेले नाहीत.

मग बहीण पुढे सरसावली, "मलाही हेच द्या, तारा नको." ती चौदा वर्षांची, आणि वरचा एक दुधाचा सुळा अजून पडलेला नव्हता. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला तर पक्का सुळा टाळूकडे आडवा अडकलेला. असा दात शस्त्रक्रियेने उघडा करून, त्याला साखळी लावून हळूहळू खाली ओढावा लागतो. त्यासाठी मला तारेचाच भक्कम आधार हवा. तिथे मी अलायनरवर विसंबणार नाही. तिला एक्स-रे दाखवून तसं स्पष्ट सांगितलं. ती हिरमुसली, साहजिकच होतं.

सुळा शेजारच्या दाताच्या मुळाला कितपत भिडलाय हे कळायला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, लिहून दिला, आणि शाळा सुरू व्हायच्या आत सर्जनला दाखवा म्हणून वडिलांना बजावलं.