पावसाळी पाइपातले साबणाचे पाणी : पाषाणच्या आमच्या सोसायटीचा अनुभव

आमच्या सोसायटीची बोअरवेल उन्हाळ्यात आटू लागल्यावर गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याने तिचे पुनर्भरण करावे, असा ठराव वार्षिक सभेत मंजूर झाला आणि त्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आली. पुणे महापालिका अशा उपाययोजनांसाठी मिळकतकरात सवलत देत असल्याने विरोध कोणाचाच नव्हता. मात्र पाहणीसाठी आलेल्या अनुभवी प्लंबरने इमारतीमागच्या पावसाळी चेंबरचे झाकण उचलले, तेव्हा आत फेसाळ पाणी वाहत होते. पावसाचे कोठेही चिन्ह नव्हते. "दादा, कोरड्या दिवसांत या चेंबरमध्ये थेंबभरही पाणी नसायला हवे," असे तो म्हणाला आणि पुनर्भरणाचे काम तिथेच थांबले.

पुण्यातल्या अनेक इमारतींत असेच घडलेले असते. बांधकामाच्या वेळी उघडी असलेली मागची बाल्कनी पावसात भिजणार म्हणून तिची नहाणी, म्हणजे फरशीतले पाणी जाण्याचे तोंड, पावसाळी पाइपाला जोडलेली असते. पुढे रहिवासी ती बंदिस्त करतात, तिथे कपडे धुण्याचे यंत्र आणि भांडी घासण्याची मोरी येते आणि पाणी मात्र जुन्याच वाटेने जात राहते. स्वयंपाकघर आणि बाथरूमचे सांडपाणी ड्रेनेजमधून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाळी वाहिनीला मात्र असे केंद्र नाही. ती जवळच्या ओढ्यात किंवा नदीत उघडते. आमच्या बाबतीत ती रामनदी. भूगाव, बावधन, पाषाण आणि बाणेर असा प्रवास करून ती मुळेला मिळते. पुढे मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनी धरणाला जाऊन मिळते. उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. आपल्या बाल्कनीतली नहाणी या साखळीचा एक भाग आहे, हे आमच्यापैकी फार थोड्या लोकांनी लक्षात घेतले होते.

कोणत्या घराचे पाणी कोठे जाते, हे शोधण्याची रीत अगदी साधी निघाली. खाण्याचा रंग बादलीभर पाण्यात कालवून एकाने बाल्कनीच्या नहाणीत ओतायचा आणि दुसऱ्याने खाली पावसाळी आणि ड्रेनेजचे असे दोन्ही चेंबर उघडून उभे राहायचे. रंग पावसाळी चेंबरमध्ये दिसला की त्या घरापुढे खूण करायची. वेगवेगळ्या मजल्यांसाठी वेगवेगळे रंग वापरल्याने गोंधळ झाला नाही. हे काम पावसाळ्यापूर्वीच करावे, कारण एकदा पाऊस सुरू झाला की रंग वाहून जातो आणि काहीच कळत नाही.

खरे अवघड काम समजावण्याचे होते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे म्हणणे होते की हे साबणाचे पाणी आहे, मैला थोडाच आहे? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे होते. धुण्याच्या पाण्यात साबणाबरोबर कपड्यांचा मळ असतो, मोरीच्या पाण्यात तेल आणि अन्नाचे कण असतात. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो आणि मासे गुदमरतात. अनेक पावडरींमध्ये फॉस्फेट असते; त्यावर आणि मैलापाण्यातल्या पोषक द्रव्यांवर जलपर्णी फोफावते. तरीही सभेत निर्णायक ठरली ती दुसरीच गोष्ट : हाच पाइप पुनर्भरणाच्या खड्ड्याला जोडला असता, तर साबणाचे पाणी आमच्याच बोअरवेलमध्ये उतरले असते. त्यानंतर खर्चाला मंजुरी मिळण्यास वेळ लागला नाही.

एका कंत्राटदाराने स्वस्त तोडगा सुचवला होता : पावसाळी पाइपच खाली ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडून द्यावा. तो आम्ही नाकारला आणि इतरांनीही नाकारावा, असे मला मनापासून वाटते. १ चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर १५,००० लिटर. एवढे पाणी ड्रेनेजमध्ये घुसले की चेंबर रस्त्यावर उसळतात आणि मैला अखेर त्याच नदीत पोहोचतो. म्हणून आम्ही बाल्कन्यांसाठी बाहेरच्या भिंतीवरून स्वतंत्र उभा पाइप घेतला आणि तो खाली गली ट्रॅपमधून ड्रेनेजला जोडला. या ट्रॅपमध्ये पाणी साचून राहत असल्याने दुर्गंधी वर चढत नाही. तो वगळून थेट जोडणी केली, तर वास घराघरांत येतो आणि रहिवासी वैतागून जुनीच जोडणी परत मागतात.

पुनर्भरणाच्या पाइपावर एक झडप बसवली. पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पालापाचोळा वाहून येतो. ते पाणी बाहेर काढून मगच बाकीचे पाणी दगड, खडी आणि वाळूच्या थरांतून खाली सोडले जाते.

पार्किंगमधल्या सवयी बदलायला पाइपांपेक्षा अधिक काळ लागला. गाड्या आता पाइपाने न धुता बादली आणि ओल्या फडक्याने पुसल्या जातात. सांडलेल्या ऑइलवर पाणी मारण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकून तो झाडून वेगळा गोळा केला जातो. रंगकाम करणाऱ्या कारागिरांना ब्रश धुण्यासाठी ड्रेनेजला जोडलेली मोरी दाखवून दिली आहे. नूतनीकरणाची वाळू आणि राडारोडा रस्त्याकडेला उघडा ठेवू दिला जात नाही, कारण वळवाची एक सर आली की तो सगळा जाळीतून पावसाळी गटारात उतरतो. बागेत खत पाऊस तोंडावर असताना घालू नये, हे माळीकाकांनी स्वतःहून सुचवले.

नूतनीकरणाच्या परवानगी अर्जात आम्ही एक अट वाढवली आहे : बाल्कनीतल्या कोणत्याही नव्या जोडणीची रंग टाकून तपासणी झाल्याशिवाय अनामत रक्कम परत मिळणार नाही. भाडेकरू बदलला की यंत्राची जागाही अनेकदा बदलते, म्हणून ही तपासणी दर उन्हाळ्यात सर्व घरांत होते. शेजारच्या सोसायटीने अलीकडेच आम्हाला ही पद्धत विचारली. त्यांच्याकडे यंत्रे आतल्या बाथरूममध्ये आहेत, पण पार्किंग धुतल्यावरचे सारे पाणी उतारावरून थेट रस्त्यावरच्या पावसाळी जाळीत जाते, त्यामुळे तिथे कामाची सुरुवात त्या उतारापासून करावी लागणार आहे.