गरोदरपणातील सोनोग्राफी: टेबलावर आडवे होण्यापूर्वी

पहिल्या सोनोग्राफीच्या आधी मला सर्वांत मोठी धास्ती होती ती बाळाला काही अपाय तर होणार नाही ना, याची. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटते, हे समजल्यावर माझी भीती बरीचशी ओसरली.

सुरुवातीच्या आठवड्यांत बहुधा लघवी रोखून धरायला सांगतात, कारण मूत्राशय भरलेले असले की गर्भाशय अधिक स्पष्ट दिसते. कधी योनिमार्गातून तपासणी करावी लागते. तेव्हा अवघडल्यासारखे वाटते, पण सहसा दुखत नाही. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान बाळाची लांबी मोजून प्रसूतीची अंदाजे तारीख काढतात.

सर्वांत सविस्तर तपासणी १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास होते. पोटावर गार जेल लावून प्रोब फिरवतात आणि हृदयाचे चार कप्पे, मणक्यांची रांग, मूत्रपिंडे, मांडीचे हाड, वारेची जागा असे एकेक करून पाहतात. या वेळी डॉक्टर बराच वेळ गप्प असतात आणि त्या शांततेने काळजात धस्स होते. पण बहुतेकदा ते केवळ मोजमापांत गुंतलेले असतात. बाळ पाठ करून बसले असेल, तर थोडे चालून यायला सांगतात किंवा पुन्हा बोलावतात. अहवाल चांगला आला तरी प्रत्येक दोष सोनोग्राफीत दिसतोच असे नाही, हे प्रत्येक गरोदर बाईला तपासणीपूर्वीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.