मुंबई-नागपूर विमानाने नेमकं किती लांब?

सरळ रेषेत मोजलं तर मुंबई ते नागपूर साधारण ६८५ किमी, पण रेल्वेने तेच ८३७ किमी होतं, कारण गाडी इगतपुरी, भुसावळ, अकोला, वर्धा करत जाते. आता जेट विमान वर गेलं की ताशी ८०० किमीच्या आसपास उडतं, म्हणजे हिशोबाने पाऊण-एक तासात पोचायला हवं ना, मग तिकिटावर दीड तास का लिहितात? तर ती वेळ एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतची असते, त्यात टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरून हळूहळू चालणं), रनवेची रांग, चढणं, उतरणं सगळं आलं. मुंबईत दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, दोन्हीवर एकाच वेळी विमानं घेता येत नाहीत, त्यामुळे रांग लागतेच. अजून एक, हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचे वारे असतात, नागपूरला जाताना ते पाठीमागून मिळतात आणि परत येताना समोरून, म्हणून येताना थोडा जास्त वेळ लागू शकतो. आणि खरं सांगू, आई-बाबा तिकडे एकटे असले ना की हा तासा-दीड तासाचा हिशोब फार मोठा आधार वाटतो.